शापाविना विस्मरण

२०२२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. एम.ए.च्या वर्गावर मी ‘शाकुंतल’ आणि त्याचे मराठी अवतार यांविषयी बोलत होते. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीची मान जरा अधिकच खाली झुकलेली दिसली. जवळ जाऊन पाहिले तर मांडीवर एक इंग्रजी कादंबरी उघडी होती. पदपथावर मिळते तशी, पातळ कागदाची, अक्षरे किंचित पुसट झालेली प्रत. मी ती उचलली, मागचा मजकूर वाचला आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “यात शेवटी काय होतं ते मी न वाचताच सांगू शकते.” वर्ग हसला. मुलगी उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “मॅडम, ते मलाही ठाऊक आहे.”

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. असता तर मी तो प्रसंग विसरून गेले असते. पुस्तक मी ठेवून घेतले, सत्र संपल्यावर परत देईन असे सांगितले आणि पुन्हा दुर्वासांकडे वळले. पण शेवट ठाऊक असूनही माणूस एखादी गोष्ट का वाचतो, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आणि तोही ज्या तासाला सर्वांना शेवट ठाऊक असलेले नाटक मी शिकवीत होते, त्याच तासाला उभा राहिलेला.

माझ्या त्या उपहासाला एक परंपरा होती, हे येथे सांगितले पाहिजे. माझ्या पिढीने मराठी घेऊन एम.ए. केले तेव्हा ना. सी. फडके हे नाव वर्गात बहुधा एखादा दोष समजावून देण्यासाठी येई. ‘प्रतिभासाधन’ लिहिणारा हा लेखक तंत्राचा किती विचार करीत होता हे आम्हाला सांगितले जाई, पण त्याच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या हजारो स्त्रियांना त्यात नेमके काय मिळत होते, हे कोणी विचारले नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी, या वादात फडके आणि खांडेकर समोरासमोर उभे राहिले. वाचणारी बाई कोणत्याच बाजूला धरली गेली नाही. फिरत्या वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्या आम्हीही वाचल्या, मिल्स अँड बून प्रकाशनाच्या पातळ पुस्तिका वसतिगृहात आमच्याही उशीखाली असत. मात्र प्रबंधात त्यांचा उल्लेख करायचा नसतो, हे आम्ही फार लवकर शिकलो होतो.

दिवाळीच्या सुटीत मी ती जप्त केलेली कादंबरी वाचली. कार्ली फॉर्च्यून या कॅनडातील लेखिकेची ‘एव्हरी समर आफ्टर’. त्याच वर्षी, २०२२ मध्ये, प्रसिद्ध झालेली. ऑन्टॅरिओ प्रांतातील बॅरीज बे नावाच्या गावी तळ्याकाठी शेजारी शेजारी राहणारी पर्सी आणि सॅम ही दोन मुले. सहा उन्हाळे एकमेकांच्या सहवासात गेलेले, मग एक घाव आणि दहाहून अधिक वर्षांचा अबोला. सॅमची आई वारल्याचे कळते आणि पर्सी त्या गावी परत येते. कथन एकदा तेव्हाच्या उन्हाळ्यांत जाते, एकदा आताच्या त्या दोन-तीन दिवसांत. शेवट मी वर्गात म्हटले होते तोच झाला. तरीही रात्री दीड वाजेपर्यंत मी जागी होते.

त्यानंतरच्या दोन वर्षांत पहिले प्रेम आणि त्याला मिळालेली दुसरी संधी या एकाच सूत्रावरच्या तीसेक कादंबऱ्या मी वाचल्या. क्रिस्टिना लॉरेन या जोडनावाने लिहिणाऱ्या दोन लेखिकांची ‘लव्ह अँड अदर वर्ड्स’ (२०१८), टिया विल्यम्सची ‘सेव्हन डेज इन जून’ (२०२१), निकोलस स्पार्क्सची ‘द नोटबुक’ (१९९६). आणि या साऱ्यांची आजी शोभावी अशी जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’, जी लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस, प्रकाशित झाली. वाचन वाढले तसा उपहास गळून गेला. कंटाळाही पुष्कळदा आला, हे लपवीत नाही. यातली निम्मी पुस्तके भाषेच्या दृष्टीने सुमार आहेत. परंतु सुमार पुस्तकातही एक विशिष्ट जागा अशी येई, की जेथे मी वाचण्याचा वेग कमी करीत असे. ती जागा प्रत्येक पुस्तकात जवळजवळ एकच होती. हा लेख त्या जागेविषयी आहे.

समीक्षकांनी या प्रकाराचा गंभीरपणे विचार केलेला नाही असे म्हणता येणार नाही. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या ‘रीडिंग द रोमान्स’ या ग्रंथात अमेरिकेतील एका गावातील स्त्रीवाचकांशी बोलून अभ्यास केला. त्या स्त्रिया सांगत होत्या, की पुस्तक हाती घेणे म्हणजेच घरच्यांना ‘हा वेळ माझा आहे’ असे सांगणे. त्यांतल्या कित्येक जणी पुस्तक घेण्यापूर्वी शेवट वाचून पाहत. पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये या कादंबरीचे आठ अनिवार्य घटक सांगितले. त्यांतला एक अडथळा, एक असा क्षण की जेथे मीलनाची आशाच जणू मरते, आणि त्यानंतर येते ते अभिज्ञान. हा शेवटचा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. रेजिस यांना तो घटक पाश्चात्त्य परंपरेत दिसला; आपल्याकडे तर तो एका नाटकाच्या नावातच आहे.

पण अभिज्ञान कशाचे? नायक-नायिका एकमेकांना ओळखतात एवढ्याने या विशिष्ट कादंबऱ्यांचे काम भागत नाही. ती ओळख तर पहिल्या भेटीतच, दुकानात किंवा स्मशानभूमीत, पटलेली असते. वाचक थांबलेला असतो तो निराळ्याच गोष्टीसाठी. मधल्या वर्षांत दुसऱ्या बाजूला काय चालले होते, हे त्याला कळायला हवे असते. आपण रडत होतो तेव्हा पलीकडचा माणूस काय करीत होता? आपल्या नसण्याची नोंद तिकडे झाली होती का? माझा वेग मंदावत असे तो या हिशोबाच्या जागी.

‘पर्स्वेजन’मध्ये ही जागा लेखिकेने कशी घडवली याचा पुरावाच उपलब्ध आहे. अॅन एलियट एकोणीस वर्षांची असताना फ्रेडरिक वेंटवर्थशी तिचे लग्न ठरते; पण तो निर्धन, म्हणून लेडी रसेल या हितचिंतक बाईच्या समजावण्यावरून ती ते मोडते. आठ वर्षांनी तो कमावता कॅप्टन होऊन परत येतो. ऑस्टिनने जुलै १८१६ मध्ये ही कादंबरी पूर्ण केली तेव्हा त्यांचा समेट अगदी साध्या रीतीने होत होता: अॅडमिरल क्रॉफ्टच्या घरी दोघे समोरासमोर येतात, गैरसमज फिटतो, संपले. हा शेवट तिला समाधान देईना. तिने तो काढून टाकला आणि नवा लिहिला. सुदैवाने त्या रद्द केलेल्या प्रकरणांचे हस्तलिखित शिल्लक आहे. नव्या शेवटात अॅन एका खोलीत कॅप्टन हार्विलशी बोलते आहे: स्त्री अधिक काळ प्रेम करते की पुरुष? आणि त्याच खोलीत मेजापाशी पत्र लिहीत बसलेला वेंटवर्थ तिचे शब्द ऐकतो. त्याच्या हातून लेखणी गळून पडते. मग तो तिला जे पत्र लिहितो, ते इंग्रजी साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रेमपत्रांपैकी एक ठरले. दोन्ही मसुद्यांत मीलन तेच. फरक एवढाच, की दुसऱ्यात तिचे आठ वर्षांचे मन त्याने ऐकले आणि त्याचे आठ वर्षांचे मन तिच्या हाती कागदावर आले.

आजच्या लेखकांनाही हे मर्म ठाऊक आहे. ‘सेव्हन डेज इन जून’मधली ईवा आणि शेन ही दोघेही कादंबरीकार आहेत. कोवळ्या वयात एकाच आठवड्याचा त्यांचा सहवास, मग पंधरा वर्षांची ताटातूट. पुढे कळते, की या पंधरा वर्षांत दोघेही आपापल्या पुस्तकांतून एकमेकांनाच लिहीत होते. तिच्या नायकाचे डोळे त्याचे, त्याची नायिका म्हणजे तीच. ‘द नोटबुक’मध्ये नोआने ॲलीला लिहिलेली पत्रे तिच्या आईने दडवून ठेवलेली असतात, आणि ती हाती येताच सारे चित्र पालटते. पुस्तक, पत्र, डायरी, चोरून ऐकलेला संवाद: साधन कोणतेही असो, त्याचे काम एकच, अनुपस्थितीच्या काळाला साक्षीदार मिळवून देणे.

मग मला आपली नाटके आठवू लागली. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा तिसरा अंक, ज्याला छायांक म्हणतात, तो दुसरे काय आहे? सीतात्यागाला बारा वर्षे झाली आहेत. राम पंचवटीत आला आहे. भागीरथीच्या वराने अदृश्य झालेली सीता तमसेसोबत तेथेच उभी आहे. वासंती रामाला जाब विचारते, राम कोसळतो, शोक करतो, मूर्च्छित होतो, आणि सीता हे सारे ऐकते. अदृश्य राहूनच ती त्याला स्पर्श करून शुद्धीवर आणते. सातव्या अंकातील पुनर्मीलन वाल्मीकीला मंजूर नव्हते. भवभूतीने ते घडवले. पण ते मीलन आपल्याला पटते ते तिसऱ्या अंकामुळे. बारा वर्षे तिकडे काय चालले होते, हे सीतेने स्वतःच्या कानांनी ऐकलेले असते.

कालिदासाने हेच दुसऱ्याकरवी साधले. सहाव्या अंकात अंगठी सापडून दुष्यंताला सारे आठवते, तो वसंतोत्सव बंद करतो, शकुंतलेचे चित्र काढीत बसतो. सानुमती ही मेनकेची मैत्रीण गुप्त राहून हे पाहते, कारण तिला जाऊन सखीच्या लेकीला ते सांगायचे आहे. किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला तो पहिल्या चारच अंकांचा. त्या रात्रीचे प्रेक्षक शकुंतलेला सासरी निघालेली पाहून घरी गेले. राजा तिला ओळखणार नाही हे त्यांना ठाऊक होते, पुढे ओळखेल हेही ठाऊक होते. पण सानुमतीची साक्ष अजून व्हायची होती.

येथेच मला माझ्या त्या तासाचा विषय पुन्हा भेटला. महाभारताच्या आदिपर्वात शापही नाही आणि अंगठीही नाही. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते. राजाला सारे आठवत असते आणि तो नाकारतो. ती त्याच्याशी सडेतोड भांडते. आकाशवाणी झाल्यावर तो म्हणतो, मला ठाऊक होते, पण लोक संशय घेतील म्हणून असे वागलो. कालिदासाने दुर्वासांचा शाप निर्माण करून या राजाला निर्दोष केले, असे मी पंचवीस वर्षे शिकवीत आले. रोमिला थापर यांनी शकुंतलेच्या बदलत गेलेल्या रूपांवर १९९९ मध्ये लिहिलेला ग्रंथ हाती आल्यापासून तर अधिकच जोराने शिकवीत आले. ते चूक आहे असे आजही म्हणणार नाही. पण सातव्या अंकातली एक बारीकशी जागा माझ्या ध्यानातून निसटली होती. मारीच ऋषी शापाची हकीकत सांगतात तेव्हा शकुंतला म्हणते, की सुदैवाने आर्यपुत्राने मला अकारण टाकले नव्हते. आणि लगेच तिला नवल वाटते, की आपल्याला असा शाप झाल्याचे तर आठवतही नाही. सख्यांनी तो तिच्यापासून लपवलाच होता. म्हणजे शापामुळे राजाची सुटका होते हे खरे, पण त्याच क्षणी तिचीही होते. इतकी वर्षे तिला छळत होता तो ‘अकारण’ हा शब्द. आज बॅरीज बेच्या तळ्याकाठी किंवा न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या कादंबऱ्या दडवलेली पत्रे, न पोहोचलेले निरोप आणि ऐन वेळी आलेले आजार घेऊन येतात, ते या एका शब्दाशी लढण्यासाठी.

मराठी कादंबरीत मात्र ‘दुसरी संधी’ हा शब्दप्रयोग फार काळ निराळ्याच अर्थाचा होता. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षीचा. बाईला दुसऱ्यांदा जगता येईल का, हा तेथला प्रश्न. हरिभाऊ आपट्यांच्या यमूला तीही मुभा नाही; तिचे केशवपनसुद्धा बळजबरीने होते. जिथे पहिले लग्नच न कळत्या वयात लागते, तिथे पहिले प्रेम ही भाषाच कुठून येणार? माझ्या आईच्या पिढीपर्यंत हा शब्द सिनेमातला होता. माझ्या पिढीला प्रेम मिळाले, पण त्याच्याविषयी जाब विचारण्याची भाषा मिळाली नाही. ‘तू असा का वागलास?’ हे वाक्य उच्चारण्याइतके नाते तेव्हा नावारूपाला आलेलेच नसे. म्हणून आम्ही ते न विचारता संसाराला लागलो. आता माझ्याविषयी थोडे सांगते, कारण ते वगळले तर या सगळ्या लेखनाला अर्थ राहणार नाही.

मे १९९१. कोल्हापूर. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली होती. मी दुपारच्या एस.टी.ने सांगलीला घरी जाणार होते. वर्गातला एक मित्र म्हणाला होता, चार वाजता स्टँडवर येतो, तुला काही सांगायचे आहे. दोन वर्षांत आमच्यात जे काही होते त्याला कोणतेच नाव नव्हते. मी पावणेचारला पोहोचले. चारची गाडी सोडली. वळीव कोसळला, फलाटावर सगळीकडे पाणी झाले. पुढचीही गाडी सोडली. सहाच्या गाडीत बसले. तो आला नाही. पुढे पत्रही नाही. वर्षभरात माझे लग्न ठरले. मी सुखाने संसार केलेली बाई आहे आणि हे वाक्य कोणाच्या समाधानासाठी लिहिलेले नाही. परंतु ती दुपार माझ्याजवळ राहिली. घरच्यांनी अडवले असेल. जात आड आली असेल. चिठ्ठी पाठवली असेल ती वसतिगृहात कोणी दिली नसेल. अपघात झाला असेल. बत्तीस वर्षांत मी त्या दुपारीला चार-पाच शाप लावून पाहिले.

२०२३ मध्ये सांगलीला एका वर्गमैत्रिणीच्या मुलीचे लग्न होते. तेथे तो भेटला. साहित्य केव्हाच सुटले होते. बँकेतून निवृत्त व्हायला आला होता. पंक्ती उठल्यावर आम्ही मांडवाबाहेर खुर्च्या टाकून बसलो. मुलांच्या चौकश्या झाल्या, गुडघ्यांच्या झाल्या. मी त्या काळात या कादंबऱ्यांत बुडालेली होते. नाहीतर मला तो धीर झाला नसता. मी विचारले, “तू त्या दिवशी स्टँडवर का आला नाहीस रे?”

“कुठल्या दिवशी?”

मी सांगितले. पाऊस, चारची गाडी, सहाची गाडी. तो खरोखरच आठवू पाहत होता. चेहऱ्यावर टाळाटाळ नव्हती. ती असती तर मी ओळखली असती. शेवटी म्हणाला, “नाही गं आठवत. मी येतो म्हणालो होतो?” आणि जरा थांबून, “म्हणालो असेन. मग चुकलंच माझं.”

त्याला काय सांगायचे होते, हे विचारण्यात आता अर्थ नव्हता. मी काहीतरी हसून बोलले. मग तोच म्हणाला, “तुझी भाषाविज्ञानाची वही मात्र माझ्याकडंच राहिली बघ. निळ्या पुठ्ठ्याची. परत द्यायची म्हणून कितीदा बाजूला काढली. दोन घरं बदलली, दोन्ही वेळा बरोबर आणली. त्या वहीवर पास झालो मी. तू स्वतःच्या अभ्यासाला काय वापरलंस, हा विचार कितीदा मनात यायचा.”

मला ती वही आठवत नाही. अजूनही आठवत नाही. मी त्याला वही दिली, ती परत मागितली नाही, परीक्षेला त्या वहीविना बसले. हे सारे माझ्या आयुष्यात घडले आणि माझ्याकडे त्याची काहीच नोंद नाही. त्याच्याकडे आहे. माझ्या बत्तीस वर्षांच्या दुपारीची त्याच्याकडे नोंद नव्हती, तशीच.

घरी परतताना प्रथम वाटला तो राग. ज्याच्यासाठी इतके शाप शोधले त्याला शापच नव्हता. तो नुसता विसरला होता. महाभारतातल्या राजाने निदान आठवून नाकारले होते. मग हळूहळू त्या रागाला धरायला काही उरेना, कारण माझ्या हातीही कोणाची अंगठी हरवलेली होती. दुष्यंत आणि शकुंतला ही दोन माणसे आहेत, असे आपण नाटकात समजतो. विस्मरणाच्या बाबतीत एकच माणूस दोन्ही भूमिका करीत असतो, एका गोष्टीत टाकलेला आणि दुसरीत टाकणारा.

या कादंबऱ्यांविषयी माझी तक्रार आहे ती येथे. त्यांतले नाजूक-साजूक प्रसंग, नायकाची मजबूत बाहू असलेली वर्णने, सोयीस्कर योगायोग, हे सारे मी माफ करू शकते. पण त्या गृहीत धरतात, की दोघांच्याही आठवणीत एकच दुपार जपलेली असते आणि दुःखाची वाटणी समसमान झालेली असते. ‘लव्ह अँड अदर वर्ड्स’मधल्या मेसी आणि एलियटची अकरा वर्षांची ताटातूट एकाच रात्रीभोवती फिरते. मधल्या काळात भेटलेली माणसे सावल्यांसारखी येतात आणि नायिकेला वाट मोकळी करून देत निघून जातात. प्रत्यक्षात मधली वर्षेच आपले आयुष्य असतात. त्या वर्षांत आपण कोणाचे तरी खरे सोबती असतो, आणि त्यासाठी काही विसरावेच लागते.

ऑस्टिन या बाबतीत आपल्या वंशजांहून प्रामाणिक आहे. समेट झाल्यावर वेंटवर्थ अॅनला विचारतो, की १८०८ साली माझ्याकडे थोडे पैसे आले होते, तेव्हा मी पत्र लिहिले असते तर तू हो म्हणाली असतीस का? ती म्हणते, अर्थात. आणि मग त्याला मान्य करावे लागते, की त्यानंतरची सहा वर्षे लेडी रसेलने घेतली नाहीत. ती त्याच्याच अभिमानाने घालवली. त्याला शाप नव्हता, कोणी पत्र दडवले नव्हते. तो फक्त लिहायला बसला नाही. संपूर्ण सुखान्त कादंबरीत सुखाच्या ऐन मध्यभागी ठेवलेली ही सहा वर्षांची कबुली मला आता त्या प्रसिद्ध पत्राहून मोठी वाटते.

तरी मी या कादंबऱ्या वाचणे सोडलेले नाही. त्या खोटे बोलतात ते उत्तराच्या बाबतीत; प्रश्न त्यांचा खरा आहे. आणि तो विचारता येतो, हे मला कोणत्याही समीक्षाग्रंथाने शिकवले नव्हते. विचारल्यावर मला हवे ते मिळाले नाही. एक निळी वही मिळाली. ‘चुकलंच माझं’ हे शब्द मिळाले, जे आठवणीवाचून उच्चारले गेले म्हणून मला अधिक मोलाचे वाटतात. शकुंतलेने जे ऐकले त्याहून हे फार कमी आहे. पण मांडवाबाहेरच्या त्या खुर्चीवर बसून ऐकले तेव्हा ते पुरले.

सातवा अंक मी आता थोडा निराळा शिकवते. शाप राजाच्या सोयीचा आहे हे सांगतेच. मग विचारते, शाप नसता आणि राजा केवळ विसरला असता, तर मारीचांनी शकुंतलेला काय सांगितले असते? वर्ग बहुधा गप्प राहतो. एकदा एक मुलगा म्हणाला, “मग नाटक झालंच नसतं, मॅडम.” बरोबर आहे त्याचे. नाटक झाले नसते. पण त्या दोघांना तरीही त्या आश्रमात समोरासमोर उभे राहावे लागले असते.

तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीला हे सांगावे, असे या लेखाच्या निमित्ताने मनात आले आणि पुस्तकांचे कपाट उघडले. ‘एव्हरी समर आफ्टर’ची ती पातळ कागदाची प्रत तेथेच होती. सत्र संपल्यावर परत देईन म्हणाले होते. ते सत्र संपले, पुढची सत्रे संपली, ती एम.ए. होऊन निघून गेली. तिने कधी मागितले नाही, आणि मला कधी आठवले नाही. पुस्तकात एकशे बाराव्या पानाशी तिच्या एस.टी.च्या पासची छायाप्रत खूण म्हणून घातलेली आहे. म्हणजे वर्गात मी पुस्तक उचलले तेव्हा ती तिथवर पोहोचली होती.

कार्यालयातून तिचा पत्ता मागवला आहे.